चवथ ऑगस्टात आली आणि अहवाल गडबडला: तारखांचा तक्ता कसा बांधावा

समजा म्हापशात तुमचं सजावटीच्या सामानाचं घाऊक दुकान आहे. विजेच्या माळा, कागदी मखरं, तोरणं, कापूर, अगरबत्त्या. ऑगस्ट २०२५ संपल्यावर संगणकावर विक्रीचा अहवाल उघडला, तर विक्री आदल्या ऑगस्टच्या दुप्पट. मालक खूश, सगळ्यांना चहा-भजी. महिनाभराने सप्टेंबरचा अहवाल उघडला, तर विक्री आदल्या सप्टेंबरच्या निम्मीसुद्धा नाही. आता सेल्समनची हजेरी. खरं तर दोन्ही वेळा धंदा होता तिथेच होता. २०२४ मध्ये चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली सगळी झुंबड ऑगस्टात येऊन पडली, एवढंच.

सॉफ्टवेअरला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला ‘गेल्या वर्षी याच महिन्यात किती’ असं विचारलं, त्याने तेवढंच सांगितलं. चवथ कधी होती, आपलं वर्ष एप्रिलात सुरू होतं, म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो, हॉटेलचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. ते कुठेतरी एकदा नीट लिहून द्यावं लागतं. ती लिहून द्यायची जागा म्हणजे तारखांचा तक्ता, म्हणजेच डेट टेबल. पॉवर बीआय असो, एक्सेलचं डेटा मॉडेल असो किंवा दुसरं कुठलंही अहवालाचं साधन, कामाची पद्धत थोड्याफार फरकाने हीच. मी इथे मुख्यतः पॉवर बीआयच्या भाषेत बोलतो, कारण छोट्या-मध्यम धंद्यांत एक्सेलवरून पुढची उडी बहुतेक तिकडेच पडते.

एक दिवस, एक ओळ

तक्ता दिसायला अगदी साधा. पहिल्या कॉलमात तारीख. एक तारीख एकदाच, मधली एकही गाळायची नाही, रिकामी जागा ठेवायची नाही. पुढच्या कॉलमांत त्या तारखेबद्दल आपल्याला जे जे माहीत आहे ते. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या चौकोनांत वार, तिथी, सण, सुट्टी छापलेली असते; ते चौकोन कापून एकाखाली एक लावले की झाला हा तक्ता.

यावर पहिला प्रश्न हमखास येतो: विक्रीच्या तक्त्यात बिलाची तारीख आहेच की, मग हा वेगळा खटाटोप कशाला?

कारण बिलांच्या तारखांत फक्त बिल फाटलेले दिवस असतात. मालिमच्या जेटीवर ट्रॉलरना बर्फ पुरवणारा कारखाना घ्या. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. समजा जून महिन्यात या कारखान्याची फक्त चार दिवस बिलं झाली, एकूण ४०,००० रुपयांची. बिलांच्या तारखांवरून रोजची सरासरी काढली तर येते १०,०००. जूनच्या तीसही दिवसांवर काढली तर १,३३३. वीजबिल आणि कामगारांचा पगार तीस दिवसांचा द्यायचा असतो, त्यामुळे कामाचा आकडा दुसरा. पण तो काढायला रिकामे सव्वीस दिवस कुठेतरी अस्तित्वात असावे लागतात, आणि विक्रीच्या तक्त्यात ते नसतात. ‘गेल्या महिन्यात किती दिवस शून्य विक्री झाली’ हा साधा प्रश्नसुद्धा विक्रीच्या तक्त्याला विचारता येत नाही.

दुसरं कारण असं की धंद्यात तारखा एकाच ठिकाणी नसतात. विक्रीला एक, खरेदीला दुसरी, हजेरीला तिसरी, बँकेत जमा झाल्याची चौथी. अहवालात वर एकच महिना निवडला आणि चारही आकडे त्या महिन्याचे दिसायला हवे असतील, तर चौघांना जोडणारी एक सामाईक गोष्ट लागते. मॉडेलमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांच्या संचात, व्यवहारांचे तक्ते मधोमध ठेवतात आणि भोवती ग्राहक, माल, दुकान, तारीख अशा वर्णनाच्या तक्त्यांची मांडणी करतात. या रचनेला स्टार स्कीमा म्हणतात. तारखेच्या तक्त्यातल्या एका ओळीला विक्रीच्या अनेक ओळी जोडलेल्या असतात, आणि गाळणी (फिल्टर) नेहमी तारखेकडून विक्रीकडे वाहते. उलटा प्रवाह चालू करायचा मोह होतो, करू नका. पुढे कुठला आकडा कुठल्या वाटेने आला हे शोधताना डोकं धरून बसावं लागतं.

तिसरं कारण तांत्रिक आहे. ‘वर्षाच्या सुरुवातीपासून आजवर’, ‘गेल्या वर्षी याच काळात’ असे हिशेब करणारी तयार फंक्शनं सलग तारखा गृहीत धरून चालतात. मध्ये भगदाडं असतील तर ती एक तर चुकीचा आकडा देतात, नाहीतर एरर.

पॉवर बीआय हे काम न सांगता स्वतःच करू पाहतं, हेही सांगायला हवं. ऑटो डेट-टाइम नावाची सोय सुरुवातीला चालूच असते. मॉडेलमध्ये तारखेचा जो जो कॉलम असेल त्याच्यासाठी ती गुपचूप एक लपलेला तक्ता बनवते. दहा कॉलम, दहा तक्ते. फाइल फुगते, ते तक्ते एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आणि त्यांत आपल्याला चवथ लिहिता येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती पहिल्या दिवशीच बंद करावी.

कुठून कुठपर्यंत

सुरुवात पहिल्या व्यवहाराच्या तारखेपासून नव्हे, त्या तारखेच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून. तुमचा हिशेब जीएसटी लागू झाला त्या १ जुलै २०१७ पासूनचा असला तरी तक्ता १ एप्रिल २०१७ पासून सुरू करायचा, आणि शेवटही ३१ मार्चलाच. १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२७ या दहा वर्षांच्या ओळी होतात ३,६५२, दोन लीप दिवस धरून. लाखो बिलांच्या मॉडेलमध्ये ही संख्या काहीच नाही, तेव्हा ओळी वाचवायला जाऊ नये. तसंच शंभर वर्षांचा तक्ताही करू नये. वर्ष निवडायच्या यादीत १९५० दिसलं की वापरणारा गोंधळतो.

तक्ता बनवायचे रस्ते बरेच. एक्सेलमध्ये पहिली तारीख लिहून खाली ओढायची. पॉवर क्वेरीत, म्हणजे डेटा आत घेऊन साफसूफ करायच्या भागात, लिस्ट डॉट डेट्सला सुरुवात, किती दिवस आणि पाऊल एक दिवसाचं, एवढं सांगितलं की यादी तयार. डॅक्समध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेत, कॅलेंडर हे फंक्शन दोन टोकांच्या तारखा मागतं. त्याचाच भाऊ कॅलेंडरऑटो काहीच मागत नाही, मॉडेलमधले तारखांचे कॉलम चाळून टोकं स्वतः ठरवतो. सोयीचा वाटतो, पण कामगारांच्या तक्त्यात जन्मतारखा असतील आणि सगळ्यात ज्येष्ठ कुकचा जन्म १९६४ चा असेल, तर तुमच्या विक्रीच्या अहवालात १९६४ पासूनची वर्षं येऊन बसतात. मुदतीचा कॉलम असला आणि ‘मुदत नाही’ म्हणून कुणी ३१ डिसेंबर ९९९९ टाकून ठेवलं असेल, तर पुढचं बोलायलाच नको. मी टोकं हातानेच देतो.

एकापेक्षा जास्त अहवाल असतील तर तक्ता प्रत्येक फाइलमध्ये नव्याने बनवण्यापेक्षा डेटाबेसमध्ये किंवा एका सामाईक फाइलमध्ये एकदाच बनवावा आणि सगळ्यांनी तिथून घ्यावा. नाहीतर पणजीच्या ऑफिसातली तिमाही आणि मडगावच्या गोदामातली तिमाही वेगवेगळी निघते आणि मीटिंगचा पहिला अर्धा तास ‘तुझा आकडा खरा की माझा’ यातच जातो.

एका ओळीत काय काय

२७ ऑगस्ट २०२५ ची ओळ उघडून बघू. तारीख २७-०८-२०२५. वार बुधवार, वारक्रम ३. महिना ऑगस्ट, महिनाक्रम ८. वर्ष-महिना २०२५०८. आर्थिक वर्ष २०२५-२६. आर्थिक महिनाक्रम ५, कारण एप्रिल पहिला. आर्थिक तिमाही दुसरी. दुकान बंद. सण चवथ. चवथीपासूनचा दिवस ०. यातले शेवटचे तीन कॉलम कुठल्याही तयार साच्यात मिळत नाहीत, आणि खरी किंमत त्यांचीच. त्यांच्याकडे वळण्याआधी बाकीच्यांतल्या दोन खाचखळग्यांबद्दल.

पहिला, क्रम. महिन्याचं नाव हा संगणकाच्या लेखी नुसता शब्द. आलेखात तो अक्षरक्रमाने लावतो: एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून. म्हणून प्रत्येक नावाच्या कॉलमाबरोबर एक क्रमांकाचा कॉलम ठेवायचा आणि ‘सॉर्ट बाय कॉलम’ने नावाला त्या क्रमांकाशी बांधायचं. एप्रिलपासून सुरू होणारा आलेख हवा असेल तर महिनाक्रमाशी नव्हे, आर्थिक महिनाक्रमाशी. वारांचंही तेच.

दुसरा, आर्थिक वर्ष. लोक यासाठी लांबलचक ‘जर-तर’ची सूत्रं लिहितात. सोपी युक्ती अशी: तारीख तीन महिने मागे ढकला, आणि त्या ढकललेल्या तारखेचं साधं वर्ष व साधी तिमाही घ्या. जानेवारी २०२६ तीन महिने मागे गेला की ऑक्टोबर २०२५ होतो, म्हणजे वर्ष २०२५, तिमाही चौथी. आपल्याला हवं होतं तेच: २०२५-२६ ची चौथी तिमाही. एक्सेलमध्ये आणि डॅक्समध्ये ईडेट हे फंक्शन ढकलायचं काम करतं. वर्षाचं नाव मात्र ‘२०२५-२६’ असं पूर्णच लिहावं. नुसतं ‘एफवाय २६’ लिहिलं की कुणी ते २०२५-२६ समजतं, कुणी २०२६-२७.

आणि एवढं सगळं केल्यावरही टोटलवायटीडी या वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज करणाऱ्या फंक्शनला वर्ष ३१ मार्चला संपतं हे वेगळं सांगावं लागतं, तक्त्यातून ते आपोआप उचलत नाही. सांगायचं राहिलं तर वर्षाची बेरीज ३१ डिसेंबरपर्यंत चढत जाते आणि १ जानेवारीला धाडकन एका दिवसाच्या विक्रीवर येते. आलेखात असा कडा दिसला की दुसरीकडे शोधायला जाऊ नका.

आठवडे हा वेगळाच तिढा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात, तो पहिला आठवडा. त्यामुळे २९ डिसेंबर २०२५ हा सोमवार २०२६ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो. आठवड्याच्या क्रमांकासोबत नेहमीचं वर्ष लावलंत तर तो सोमवार ‘२०२५, आठवडा १’ होऊन जानेवारी २०२५ ला जाऊन चिकटेल. आठवडा वापरायचाच असेल तर त्याच्या स्वतःच्या वर्षाचा कॉलम हवा. गरज नसेल तर वापरूच नका.

ईस्टर दोनदा येणारं वर्ष

आता सणांकडे. गोव्यात धंद्याचा अहवाल काढणाऱ्याला एक नव्हे, तीन-चार कालगणना एकदम सांभाळाव्या लागतात.

काही दिवस ठाम आहेत. १८ जून क्रांतिदिन, २४ जून सांजाव, ३ डिसेंबर जुन्या गोव्यातलं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, १९ डिसेंबर मुक्तिदिन, २५ डिसेंबर नाताळ. यांना सूत्र लागतं ते एका ओळीचं. दिवाडीचा बोंदेरा ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, तोही सूत्रात बसतो.

दुसरा गट ईस्टरला बांधलेला. ईस्टर चर्चच्या हिशेबातल्या पौर्णिमेवरून ठरतं, ते २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मधल्या कुठल्याही रविवारी येऊ शकतं, आणि आपलं आर्थिक वर्ष नेमकं या पट्ट्याच्या मधूनच कापलं जातं. त्याचा परिणाम बघण्यासारखा आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात ईस्टर दोनदा आलं: ९ एप्रिल २०२३ आणि ३१ मार्च २०२४. २०२४-२५ मध्ये एकदाही नाही. २०२५-२६ मध्ये एकदा, २० एप्रिल २०२५ ला. २०२६-२७ मध्ये परत दोनदा: ५ एप्रिल २०२६ आणि २८ मार्च २०२७. गुड फ्रायडेच्या लांब सुट्टीत ज्या हॉटेलच्या खोल्या भरतात, त्याने २०२३-२४ आणि २०२४-२५ ही दोन वर्षं शेजारी ठेवली तर दुसरं वर्ष उगीच अशक्त दिसणार. कारण मार्केटिंगमध्ये शोधत बसतील, आणि ते असेल चर्चच्या पौर्णिमेत!

या गटाची एक सोय आहे. ईस्टरची तारीख एकदा लिहिली की बाकीचे दिवस वजाबाकीने मिळतात. गुड फ्रायडे दोन दिवस आधी. कार्निव्हल सुरू होतो तो शनिवार ५० दिवस आधी: २०२४ मध्ये १० फेब्रुवारी, २०२५ मध्ये १ मार्च, २०२६ मध्ये १४ फेब्रुवारी. म्हणजे फेब्रुवारी २०२५ ची तुलना आदल्या फेब्रुवारीशी केलीत तर एका बाजूला कार्निव्हल आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. तिमाही पाहिली तर मात्र हा फरक विरघळतो, कारण फेब्रुवारी आणि मार्च एकाच तिमाहीतले. चवथीचंही तसंच, ऑगस्ट काय नि सप्टेंबर काय, दोन्ही दुसऱ्या तिमाहीत. मालकाला महिन्याचा आकडा दाखवायचा की तिमाहीचा, हे ठरवताना ही गोष्ट लक्षात असावी.

तिसरा गट तिथींचा: चवथ, दिवाळी, शिगमो, शिरगावच्या लईराईची जत्रा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी तेवढे अलीकडे येतात. मग अधिक मास पडला की गाडी पुन्हा मागे. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, चवथ १९ सप्टेंबरला गेली. मग ७ सप्टेंबर, मग २७ ऑगस्ट. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून चवथ १४ सप्टेंबरला. ईदच्या बाबतीत अधिक मासाची भानगड नाही, ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडेच सरकत राहते. तिथीच्या सणांसाठी सूत्र लिहायच्या फंदात पडू नये. पंचांग आणि सरकारी सुट्ट्यांची यादी समोर ठेवून तारखा हाताने टंकाव्या. दहा वर्षांच्या दहा चवथी लिहायला किती वेळ लागतो?

तारीख लिहिली की पुढचा कॉलम ‘चवथीपासूनचा दिवस’. चवथ म्हणजे ०, आदला दिवस वजा १, दहा दिवस आधी वजा १०. आता ऑगस्टची ऑगस्टशी नव्हे, वजा १० ची वजा १० शी तुलना करायची: २८ ऑगस्ट २०२४ ची विक्री आणि १७ ऑगस्ट २०२५ ची. दोन वर्षांच्या रेषा एकाच आलेखात शून्यावर जुळवल्या की म्हापशाच्या दुकानाचा धंदा खरंच वाढला की नुसता सरकला, हे दिसतं.

पूर्ण दिसतं असं मात्र नाही. २८ ऑगस्ट २०२४ हा बुधवार होता आणि १७ ऑगस्ट २०२५ हा रविवार. शिवाय म्हापशाचा शुक्रवार. २०२४ मध्ये चवथीआधीचा शेवटचा शुक्रवार ६ सप्टेंबरला, म्हणजे अगदी आदल्या दिवशी आला. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान घेणारे आणि मखर घेणारे एकाच दिवशी बाजारात. २०२५ मध्ये तोच शेवटचा शुक्रवार २२ ऑगस्टला, पाच दिवस आधी. त्यामुळे दुसऱ्या वर्षी विक्रीचा उंचवटा वजा ५ पाशी आला तर ते नवल नाही. वार आणि सण हे दोन्ही कॉलम हाताशी असले की असा उंचवटा बघून घाबरायला होत नाही. नसले तर त्याचं स्पष्टीकरण प्रत्येक जण आपापल्या मनाने देतो.

एका तारखेला दोन सण आले, किंवा जत्रा फक्त डिचोलीच्या शाखेलाच लागू असली, तर मात्र ते तारखेच्या तक्त्यात कोंबू नये. तिथे एका दिवसाला एकच ओळ हा नियम मोडता येत नाही. अशा वेळी सणांचा वेगळा तक्ता करावा, ज्यात तारीख, सण आणि शाखा असे तीन कॉलम असतील. मुख्य तक्त्यात आपल्या धंद्याला हलवणारे दोन-तीनच सण ठेवावे.

काही काळ असे असतात की त्यांची कशाशीच तुलना करू नये, तेही इथेच खूण करून ठेवावे. २५ मार्च २०२० पासूनची टाळेबंदी तर झालीच. दुसरं उदाहरण गोव्याचंच: सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा सोहळा दहा वर्षांतून एकदा होतो, आणि यावेळी तो २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. जुन्या गोव्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलने किंवा टॅक्सीवाल्याने डिसेंबर २०२५ ची तुलना डिसेंबर २०२४ शी केली तर ती कुणाशी केली, हे त्याला माहीत असायला हवं.

हंगामाचा कॉलमही असाच धंद्याने ठरवायचा. किनाऱ्यावरच्या शॅकसाठी ऑक्टोबर ते मे हा ‘हंगाम २०२५-२६’ आणि उरलेला पावसाळा, अशी वाटणी आर्थिक वर्षापेक्षा कितीतरी खरी.

मध्यरात्रीनंतरचं बिल

तक्ता बांधून झाला, जोडायची वेळ आली, की सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. जोडणी होते, कुठे एरर येत नाही, आणि अहवालात सगळी विक्री ‘रिकामी’ या नावाखाली एका ढिगात पडलेली. कारण बिलिंग मशीन तारखेसोबत वेळही लिहितं: २० ऑगस्ट २०२५, संध्याकाळी ७.४२. तारखेच्या तक्त्यातला २० ऑगस्ट म्हणजे रात्री बाराचा ठोका. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे आकडे. एक्सेल तारखेला दिवसांचा आकडा म्हणूनच साठवतं, १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५,७४८, आणि वेळ म्हणजे त्यापुढचा अपूर्णांक. स्क्रीनवर वेळ लपवली तरी अपूर्णांक जात नाही. जोडण्याआधी विक्रीच्या तक्त्यात नुसत्या तारखेचा वेगळा कॉलम काढायचा आणि तो जोडायचा.

पण नुसता अपूर्णांक उडवणं बार-रेस्टॉरंटला पुरत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री बागा-कळंगुटच्या रेस्टॉरंटात रात्री दीड वाजता फाटलेलं बिल कुठल्या दिवसाचं? मशीन म्हणेल १ जानेवारीचं. मॅनेजर म्हणेल थर्टीफर्स्टचंच, अजून गल्ला मोजलेला नाही. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र अशी दोन वर्षांत चिरली जाते. हॉटेलांत नाइट ऑडिट, म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, याचसाठी असतं. ते झालं की दिवस संपला. रेस्टॉरंटने आपला दिवस पहाटे पाचला संपतो असं काहीतरी ठरवावं, आणि बिलाच्या वेळेतून पाच तास वजा करून मग तारीख काढावी. हे विक्रीच्या तक्त्यात करायचं. तारखेच्या तक्त्याला हात लावायची गरज नाही.

दुसरी ठेच तारीख लिहिण्याच्या पद्धतीची. ०५/०१/२०२३ या दिवशी मोपा विमानतळावरून विमानसेवा सुरू झाली. आपण ते ५ जानेवारी वाचतो. अमेरिकन सेटिंगवर चालणारा संगणक १ मे वाचतो. १३ तारखेपासून पुढे तो अडतो, कारण तेरावा महिना नसतो, आणि त्या तारखा साधा मजकूर म्हणून सोडून देतो. म्हणजे अर्ध्या तारखा चुकीच्या महिन्यात आणि उरलेल्या कुठेच नाहीत. अजून न आलेल्या महिन्यांत विक्री दिसायला लागली की समजावं. पॉवर क्वेरीत कॉलमाचा प्रकार बदलताना ‘लोकॅल वापरून’ हा पर्याय घेऊन भारत निवडायचा.

जोडणी झाली की तारखेच्या तक्त्यावर ‘मार्क ॲज डेट टेबल’ म्हणून शिक्का मारायचा. २०२५०८२७ अशा आकडी किल्लीने जोडणी केली असेल तर हा शिक्का सोडून चालत नाही. वर्षा-वर्षांच्या तुलनेची फंक्शनं त्याशिवाय नीट चालत नाहीत.

हॉटेलवाल्यांचा आणखी एक प्रश्न: एका बुकिंगला तारखा तीन. बुकिंग केलं ती, पाहुणा आला ती, गेला ती. तारखेचा तक्ता एक, आणि एका वेळी त्यातली एकच जोडणी जागी राहू शकते. बाकीच्या झोपलेल्या ठेवून गरज पडेल त्या मोजमापात (मेझरमध्ये) यूजरिलेशनशिप या फंक्शनने जाग्या करायच्या, हा पाठ्यपुस्तकातला मार्ग, आणि ‘या महिन्यात किती बुकिंग आलं’ यासाठी तो ठीक आहे. पण ‘शनिवारी किती खोल्या भरलेल्या होत्या’ याला त्याने उत्तर मिळत नाही. शुक्रवारी आलेला पाहुणा सोमवारी गेला, तर शनिवार त्याच्या कुठल्याच तारखेत नाही. तिथे बुकिंगची ओळ फोडून दर रात्रीची एक ओळ करावी लागते; तीन रात्री, तीन ओळी. ओळी वाढतात, वाढू द्या. खोल्यांचा धंदा रात्रीवर चालतो, मॉडेलही रात्रीवर चालावं.

उरलं देखभालीचं. पुढच्या वर्षाच्या सरकारी सुट्ट्यांची यादी आली की सणांच्या तारखा भरायच्या, आणि हे काम कुणाचं ते नावानिशी ठरवून ठेवायचं. ‘झालेला दिवस’ असा एक हो-नाहीचा कॉलम असू द्यावा, म्हणजे वर्षाच्या बेरजेची रेषा आजवर येऊन थांबते, मार्चअखेरपर्यंत आडवी धावत नाही. आणि तक्त्याची शेवटची ओळ ३१ मार्च २०२७ ची असेल तर ती मार्च उजाडायच्या आत पुढे वाढवायची. १ एप्रिलला दुकान उघडेल, बिलं फाटतील, अहवाल एररही देणार नाही. त्या दिवसापासूनची सगळी विक्री फक्त ‘रिकामी’ या ओळीत जमा होत राहील.